साताऱ्याहून एस्लिंगनला: जर्मनीतल्या पहिल्या वर्षाचे कागद आणि शेजार

गेल्या वर्षभरात साताऱ्यातून ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या बऱ्याच मुलींचे फोन आले. कुणाचा नवरा म्युनिकला, कुणाचा स्टुटगार्टला, कुणाचं लग्न ठरलंय आणि मुलगा तिकडे आहे. प्रश्न जवळजवळ तेच असतात. कागद कोणते लागतात, व्हिसाला किती वेळ लागतो, लेकराच्या शाळेचं काय, आणि शेवटी जरा हळू आवाजात, "ताई, करमतं का तिथं?" दिवाळीसाठी मी घरी, शाहूपुरीत आले आहे. हाताशी वेळ आहे, म्हणून पहिल्यापासून क्रमाने लिहून काढते. रकमा आम्ही भरल्या त्या वेळच्या आहेत. नियम बदलत राहतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या त्या कार्यालयाची यादी नव्याने वाचावीच.

जायच्या आधी मी इथल्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात होते. कागद तपासणं हे रोजचंच काम, त्यामुळे कागदांची भीती नव्हती. पण टेबलाच्या त्या बाजूला बसून एक गोष्ट वर्षानुवर्षं बघितली होती: घर बाई चालवते आणि सही करायची वेळ आली की खात्यावर तिचं नाव नसतं. परदेशात हे फार जड जातं. नवरा कामाला गेल्यावर दारात, फोनवर, डॉक्टरांकडे, बालवाडीत तुम्हीच असता, आणि समोरचा पहिला प्रश्न विचारतो तो नावाचा. म्हणून नवऱ्यामागून जाणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते, की तिथल्या शक्य त्या प्रत्येक कागदावर स्वतःचं नाव पहिल्या काही आठवड्यांतच घालून घे. पुढचं सगळं लिहिण्यामागेही माझा हाच आग्रह आहे.

नवरा ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर, एस्लिंगनला गेला. हे गाव नेकार नदीच्या काठी आहे, स्टुटगार्टच्या अगदी शेजारी, लोकलच्या रस्त्यावर. माझी आणि मुलीची तयारी नोव्हेंबरात सुरू झाली ती नावांपासून. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर माझं माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव, मुलीच्या जन्मदाखल्यात माझ्या नावाचं स्पेलिंग निराळं. आपल्याकडे पुष्कळ घरांत असंच असतं आणि फारसं कुठे अडत नाही. तिकडे अडतं. पासपोर्टवर आडनाव सोडून जे जे छापलेलं असेल ते सगळं तुमचं पहिलं नाव धरलं जातं. माझ्या आरोग्य विम्याच्या कार्डावर माझ्या नावाला जोडून नवऱ्याचं नाव आहे आणि दवाखान्यात मला कधी कधी दोन्ही नावांनी मिळून हाक मारतात. त्याने काही बिघडत नाही. फक्त जे एका ठिकाणी आहे तेच सगळीकडे हवं. मी पासपोर्ट पुण्याच्या कार्यालयातून नव्याने करून घेतला. जन्मदाखल्यातली दुरुस्ती नगरपालिकेतून करून घेतली आणि दोन्ही दाखल्यांच्या सहीशिक्क्याच्या जास्तीच्या प्रती काढून ठेवल्या. इथे असताना हा खर्च किरकोळ असतो. तिकडे गेल्यावर प्रत हवी झाली, तर घरच्या कुणाला तरी रजा काढून खिडकीपुढे उभं राहावं लागतं.

अपोस्टीलबद्दल, म्हणजे दाखला परदेशात धरला जावा म्हणून त्यावर घेतात त्या शिक्क्याबद्दल, एजंट हमखास बोलतात. भारत २००५ मध्ये अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला, पण जर्मनीने भारताच्या सहभागाला हरकत घेतली. त्यामुळे आपल्या दाखल्यावरचा तो शिक्का जर्मन कार्यालयं धरत नाहीत. गरज वाटली तर त्यांचा दूतावास इथल्या माणसांकरवी दाखल्याची वेगळी पडताळणी करून घेतो. तेव्हा यादीत मागितलेलं नसताना त्यावर पैसे घालू नका. त्यापेक्षा चांगला अनुवाद करून घ्या. मी दाखल्यांचा जर्मन अनुवाद पुण्यातल्या मान्यताप्राप्त अनुवादकाकडून घेतला. पानाला हजाराच्या आसपास रुपये पडले आणि तो अनुवाद पुढे दर दोन महिन्यांनी कुठे ना कुठे लागत गेला.

ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी भाषेच्या परीक्षेची अट नाही. तरीही मी ए-१ ची, म्हणजे जर्मनच्या अगदी पहिल्या पायरीची, परीक्षा दिली, आणि ज्यांना अट नाही त्यांनीही ती द्यावी असं माझं ठाम मत आहे. संध्याकाळी मुलीला सासूबाईंकडे देऊन ऑनलाइन वर्ग केला. मार्च २०२४ मध्ये पहाटेच्या विनावाहक एसटीने स्वारगेट आणि तिथून पुण्यातलं जर्मन भाषेचं केंद्र, मॅक्स म्युलर भवन. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, शंभरापैकी साठ गुण मिळाले की पास. ए-१ वर तिकडे गप्पा मारता येत नाहीत, हे खरं. पण आकडे, वार, तारखा, वेळ, पत्ता आणि स्वतःच्या नावाची अक्षरं एकेक करून सांगणं जमतं. पहिल्या महिन्यात फोनवर नव्वद टक्के कामं याच भांडवलावर झाली.

व्हिसाचा अर्ज एप्रिलच्या शेवटी मुंबईत दिला. मोठ्या माणसाचं शुल्क ७५ युरो, लहान मुलाचं त्याच्या निम्मं, वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क. सगळे कागद दोन संचांत, यादीच्या क्रमाने लावलेले. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचे लागतात. आपल्या स्टुडिओत मापाचा आकडा सांगितला की नीट काढून देतात. रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची म्हटल्यावर मुलगी दमणार हे दिसत होतं, म्हणून आदल्या दिवशीच ठाण्याच्या नातेवाइकांकडे मुक्काम केला. आत काम तासाभरात आटोपलं. त्यानंतरचे तीन महिने मात्र फार लांबले. नोकरीचा राजीनामा कधी द्यायचा, मुलीचं नाव इथल्या बालवाडीत घालायचं की नाही, काहीच ठरवता येत नव्हतं. मी व्हिसा हातात पडल्यावरच राजीनामा दिला आणि मधल्या काळासाठी मुलीला बालवाडीत घातलं. तिची फी वाया गेली असं मला वाटत नाही. घरात बसून वाट बघण्यापेक्षा ते दोघींना बरं पडलं.

बॅगा भरताना सासूबाईंनी पहिल्यांदा कंदी पेढ्यांची पिशवी पुढे केली. ती मला मागे ठेवावी लागली. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत, आणि पेढा म्हणजे खवाच. ताजा कढीपत्ता, मिरच्या, भाज्यांनाही रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. कांदा-लसूण मसाला, थालीपिठाची भाजणी, जवसाची आणि कारळ्याची चटणी, मेतकूट हे सगळं नेलं. तिकडे भारतीय दुकानांत डाळ-तांदूळ-आटा मिळतो, त्यामुळे धान्यावर वजन खर्च करू नका. औषधं स्वतःच्या वापरापुरती, तीन महिन्यांच्या बेताची, आणि सोबत डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी. मिक्सर चालतो, कारण दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे. पण आपली तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाही. मिक्सरचा भार झेलणारा दणकट अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या. कुकर घेताना तळ सपाट आणि इंडक्शनवर चालणारा आहे का ते बघा.

सर्वांत मोलाचा कागद मात्र मुलीच्या लसीकरणाचा. आपल्याकडचं माता-बाल संरक्षण कार्ड मराठीत असतं आणि तारखा घाईत लिहिलेल्या असतात. मी साताऱ्यातल्या बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर सगळ्या लसी, तारखा, सही, शिक्का असं इंग्रजीत लिहून घेतलं. जर्मनीत मार्च २०२० पासून बालवाडीत आणि शाळेत घालताना गोवराच्या लसीचा पुरावा कायद्यानेच द्यावा लागतो. आपल्याकडचे गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस त्या कागदावर स्पष्ट होते, त्यामुळे तिकडच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत ते मान्य केले.

ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही पोचलो. नवऱ्याने घर शोधून ठेवलं होतं, पण त्यात स्वयंपाकघर नव्हतं. म्हणजे खोली होती. ओटा, शेगडी, सिंक, कपाटं काही नाही. छताला दिवेही नाहीत, नुसत्या वायरी. तिथे हे सर्रास चालतं, आधीचा भाडेकरू सगळं काढून नेतो. जाहिरातीत बसवलेलं स्वयंपाकघर आहे असं स्पष्ट लिहिलेलं घर मिळालं तर थोडं जास्त भाडं देऊनही घ्यावं. भाड्याचे दोन आकडे असतात, नुसतं भाडं आणि पाणी, हीटिंग, देखभाल धरून भाडं. घर परवडतं की नाही ते दुसऱ्या आकड्यावरून बघायचं. अनामत रक्कम मात्र पहिल्या आकड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही.

आल्या आल्या दुसऱ्या दिवशी मी पत्रपेटीवर आणि दारावरच्या घंटीवर माझं नाव लावलं. हे वाचताना क्षुल्लक वाटेल. पण तिथे पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो, आणि नाव नसेल तर पत्र परत जातं. कराचा क्रमांक, विमा कार्ड, बँकेचा पिन, सगळं पोस्टानेच येतं. माझं पासपोर्टवरचं आडनाव आणि नवऱ्याचं आडनाव यांत स्पेलिंगचा फरक असता तर दोन्ही लावली असती. भाडेकरारातही माझं नाव घालायला घरमालकांना सांगितलं. त्यांनी एका पानाची पुरवणी करून दिली.

मग पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात ती करायची असते. त्यासाठी घरमालकाने सहीनिशी दिलेला कागद लागतो, हा माणूस माझ्या घरात अमुक तारखेपासून राहतो असा. नुसता भाडेकरार चालत नाही. वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. आमच्या भेटीची तारीख दोन आठवड्यांच्या पुढची मिळाली, तेव्हा तारीख मागितल्याचा ईमेल छापून जवळ ठेवला. कुणी काही बोललं नाही. विवाहाचा आणि जन्माचा मूळ दाखला अनुवादासह घेऊन जा. तो दाखवला तरच नोंदीत तुम्ही विवाहित लागता आणि मूल तुमच्या दोघांच्या नावावर लागतं. पुढची अर्धी कामं त्या एका नोंदीवर उभी आहेत.

नोंदणीनंतर काही आठवड्यांनी माझा आणि मुलीचा वेगवेगळा अकरा आकडी कर क्रमांक पोस्टाने आला. तो जन्मभर तोच राहतो. मुलीचा क्रमांक आल्यावर बालभत्त्याचा अर्ज केला. तेव्हा तो महिना २५० युरो होता, जानेवारी २०२५ मध्ये २५५ झाला. अर्जाला उशीर झाला तरी मागच्या सहा महिन्यांपर्यंतचे पैसे मिळतात, पण त्यापलीकडचे मिळत नाहीत. नवऱ्याचा करवर्गही, म्हणजे पगारातून दरमहा किती कर कापायचा ते ठरवणारा वर्ग, बदलून घेतला. बायको कमावत नसेल तर त्याला तिसरा आणि तिला पाचवा वर्ग मागता येतो, आणि हातात येणारा पगार बराच वाढतो. हे आपोआप होत नाही. दोघांच्या सहीने अर्ज करावा लागतो.

आरोग्य विमा आमचा सरकारी पद्धतीचा असल्याने न कमावती बायको आणि मूल नवऱ्याच्या विम्यात जादा हप्ता न भरता येतात. फॉर्म, दाखला, फोटो दिला की स्वतःच्या नावाचं कार्ड येतं. बँकेत मी माझं वेगळं खातं उघडलं. नवऱ्याच्या खात्यावर दुसरं कार्ड घेणं सोपं होतं आणि बँकेतल्या बाईंनीही तेच सुचवलं, पण मी वेगळंच मागितलं. पुढे भाषेच्या वर्गाची फी, छोट्या नोकरीचा पगार हे सगळं त्या खात्यावरून झालं.

याच सुमारास रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं. घरात टीव्ही नसला तरी ती भरावी लागते, महिना १८.३६ युरो, पण घरटी एकच. नवरा भरत असताना माझ्याही नावाने पत्र आलं, कारण माझी नोंदणी वेगळी झाली होती. त्याला नवऱ्याचा वर्गणी क्रमांक लिहून, या घराची वर्गणी भरली जाते, असं उत्तर दिलं आणि विषय मिटला. असली पत्रं बाजूला ठेवू नका. तिथे प्रत्येक पत्राला मुदत असते. मी एक फाइल केली आणि पत्र आलं की वर पेन्सिलने मुदतीची तारीख लिहायची सवय लावून घेतली.

आता शेजाराबद्दल, कारण रोजचा दिवस कागदांपेक्षा त्यावर जास्त अवलंबून असतो. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, सत्तरीच्या पुढच्या. मी पहिल्याच आठवड्यात मुलीला घेऊन त्यांच्या दारावर गेले, पाठ केलेल्या चार वाक्यांत ओळख सांगितली आणि कचऱ्याचं वेळापत्रक समजावून मागितलं. त्या खाली उतरल्या आणि एकेका डब्याचं झाकण उघडून दाखवलं. भाजीची देठं, चहाचा चोथा, फळांच्या साली एका डब्यात, त्यातही प्लास्टिकची पिशवी नको, वर्तमानपत्रात गुंडाळायचं. कागद-पुठ्ठा वेगळा. डबे, वेष्टनं, दुधाच्या खोक्या पिवळ्या पिशवीत किंवा पिवळ्या डब्यात. उरलेलं काळ्यात. काचेच्या बाटल्या रस्त्याकडेच्या मोठ्या पेटाऱ्यांत, पांढरी, हिरवी, तपकिरी वेगळी, आणि रविवारी टाकायच्या नाहीत कारण खळखळ होते. पाण्याची प्लास्टिक बाटली घेतली की किमतीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पावती मिळते आणि ते पैसे बिलातून वजा होतात. बाटली चेपायची नाही, यंत्राला वरची खूण वाचता यावी लागते.

स्टुटगार्टच्या त्या भागात एक पद्धत आहे, केअरवोखे. जिन्याची, दरवाजासमोरच्या भागाची सफाई दर आठवड्याला पाळीपाळीने एकेका बिऱ्हाडाकडे येते. पाळी आली की दाराला पाटी लटकवून जातात. थंडीत अंगणातला बर्फ काढणंही काही घरांत त्यात येतं. आपल्याला सडा-रांगोळीची सवय असल्याने मला ते अवघड गेलं नाही, उलट जिना पुसताना सगळ्या बिऱ्हाडांची ओळख झाली. पाटी लागली आणि आठवडा तसाच गेला, तर मात्र लोक मनात धरतात. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवारी दिवसभर. मी चटणी-वाटण शनिवारी दुपारीच करून ठेवते. रविवारी दुकानंही बंद असतात, काही बेकऱ्या सकाळच्या वेळी उघडतात तेवढंच. घरात तान्हं मूल असेल तर दूध, डायपर शनिवारीच मोजून घ्या.

फोडणीचाही विचार करावा लागतो. झोपायच्या खोल्यांत आणि मार्गिकेत धुराचे इशारायंत्र असणं तिथे सक्तीचं आहे. स्वयंपाक करताना आतलं दार लावायचं, खिडकी पूर्ण उघडायची. खिडक्यांचा मुद्दा वेगळाही आहे. थंडीत घर बंद ठेवलं की भिंतींना बुरशी येते आणि तिचा खर्च अनामत रकमेतून मागितला जाऊ शकतो. दिवसातून दोन-तीन वेळा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या. बाहेर शून्याच्या खाली असताना हे करायला मन धजत नाही, पण करावंच लागतं. आजींनी मला हे डिसेंबरात घरी येऊन खिडकीचं हँडल फिरवून शिकवलं.

नोव्हेंबरात मुलीला ताप आला तेव्हा डॉक्टरांचं सगळं कळलं. बालरोगतज्ज्ञ आधीच शोधून नाव नोंदवून ठेवावं लागतं, कारण अनेक ठिकाणी नवे पेशंट घेत नाहीत. आम्हाला बऱ्याच दवाखान्यांनी नकार दिला. शेवटी शेजारच्या गावात जागा मिळाली. तीही मी दारात जाऊन, लसीकरणाचा कागद हातात देऊन मागितली तेव्हा. फोनवर नाही म्हणणं सोपं असतं. रात्री-सुट्टीला दवाखाने बंद असताना ११६११७ या क्रमांकावर फोन करायचा, जिवावर बेतलं असेल तर ११२. आपल्यासारखं लगेच इंजेक्शन, सलाइन, अँटिबायोटिक मिळत नाही. तापाचं सिरप, भरपूर पाणी, तीन दिवस वाट बघा, असं सांगतात. साताऱ्यातून आईचे फोन चालू होते आणि माझाही जीव वरखाली होत होता. मी डॉक्टरांना कागदावर लिहून मागितलं: कोणती लक्षणं दिसली तर लगेच परत यायचं. त्यांनी लिहून दिलं, आणि रात्र त्या कागदाच्या आधाराने काढली. मुलांच्या औषधांना चिठ्ठी असेल तर पैसे पडत नाहीत, मोठ्यांना प्रत्येक औषधामागे ५ ते १० युरो भरावे लागतात.

बालवाडीची जागा जानेवारी २०२५ ला मिळाली. कायद्याने मुलाला जागेचा हक्क आहे, पण जागा कमी आणि अर्ज फार, म्हणून पत्त्याची नोंदणी झाली त्याच आठवड्यात नाव घाला. पहिले काही आठवडे रुळण्याचे असतात. सुरुवातीला आई वर्गात बसते, तासाभराने घरी. मग आई दहा मिनिटं बाहेर जाते, मग अर्धा तास. आपल्याकडे रडतं मूल बाईंच्या हातात देऊन आपण निघतो. तिथे घाई करतच नाहीत, आणि त्यासाठी नवऱ्याने किंवा तुम्ही महिनाभर मोकळं असावं लागतं. माझी मुलगी फक्त मराठी बोलायची. मी पुठ्ठ्यावर शू, पाणी, भूक, दुखतंय, झोप, आई कधी येणार, असे शब्द रोमन अक्षरांत लिहून पुढे जर्मन अर्थ लिहिला आणि तो बाईंना दिला. त्यांनी तो भिंतीवर लावला आणि रोज वापरला. दुसऱ्या आठवड्यात मी आणायला गेले तर एक बाई तिला "पाणी हवं?" असं आमच्या बोलीत विचारत होती. मला तिथेच रडू आलं. कपड्यांवर नाव, पावसाळी चड्डी, रबरी बूट, घरात घालायच्या सपाता द्याव्या लागतात. पाऊस असला तरी मुलं रोज अंगणात नेतात. डब्यात गोड नको. मुलगी पोळीचा रोल नेते, आता इतर मुलं मागतात.

आणि आता तो हळू आवाजातला प्रश्न. पहिले तीन महिने कामाच्या धावपळीत गेले. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडायला लागला, नवरा सहाला यायचा, आणि मला दुपार खायला उठायची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. मुलगी बालवाडीतून येईपर्यंत साताऱ्यात निजानीज. मी फोनची वेळ सकाळवर आणली. दुपारी आईशी बोलता येत नाही हे मान्य करायला मला वेळ लागला. मला बाहेर काढलं ते भाषेच्या वर्गाने. फोल्क्सहोखशूल म्हणून प्रौढांच्या शिक्षणाची संस्था गावोगाव असते, तिथे जानेवारीत ए-२ ला, म्हणजे पुढच्या पायरीला, नाव घातलं. वर्गात सीरिया, युक्रेन, ब्राझील, तुर्कस्तानच्या बायका होत्या, आणि सगळ्यांचं दुखणं एकच. स्टुटगार्ट परिसरातले मराठी लोक सणावाराला भेटतात, त्याचा फार आधार आहे. पण फक्त आपल्या माणसांत राहिलात तर आजारपणात, शाळेत, कार्यालयात पुन्हा नवऱ्याचीच वाट बघावी लागते. करमतं का, तर आता करमतं. पहिल्या हिवाळ्यात करमत नव्हतं, आणि जाणाऱ्या मुलीला हे आधीच कुणीतरी सांगायला हवं.

राहण्याच्या परवान्याची तारीख आम्हाला डिसेंबरात मिळाली. माझे १०० युरो, मुलीचे ५०. व्हिसा संपत आला आणि तारीख मिळत नसेल तर मुदतीच्या आत लेखी अर्ज करून ठेवा, मधल्या काळासाठी तात्पुरता दाखला देतात. कार्ड छापून यायला महिना-दीड महिना लागला. त्यावर काम करायची मुभा आहे असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते वाचून घ्या, कारण ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला कुठलीही नोकरी करता येते हे अनेक मालकांना ठाऊक नसतं. २०२५ च्या वसंतात मी एका बेकरीत आठवड्यातले थोडे तास काम धरलं. अशा छोट्या नोकरीत नवऱ्याच्या विम्यातच राहता येतं, २०२५ मध्ये त्याची मर्यादा महिना ५५६ युरो होती. पदवीच्या मूल्यांकनाचाही अर्ज केला आहे, त्याला २०८ युरो पडतात. पुन्हा हिशेबाच्या कामात जायचं माझ्या मनात आहे. गाडी चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यापासून सहाच महिने चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात आणि खर्च हजारांच्या घरात, तोही युरोत. आम्ही तूर्त रेल्वे-बसच्या मासिक पासावर आहोत. तो आधी ४९ युरो होता, २०२५ मध्ये ५८ होता. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. पास बंद करायचा असेल तर त्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत कळवावं लागतं.

सध्या साताऱ्यात बसून सासूबाईंच्या व्हिसाची जुळवाजुळव चालू आहे. त्यांना उन्हाळ्यात तीन महिने न्यायचं आहे. नवऱ्याने तिकडे त्यांच्या खर्चाच्या हमीपत्राची वेळ घेतली आहे, त्याचे २९ युरो. व्हिसाचे ९० युरो. प्रवास विमा कमीत कमी ३०,००० युरोंचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. काल पोवई नाक्यावर त्यांचे ३५ बाय ४५ चे फोटो काढून आणले, आणि त्यांच्या आधारवरच्या व पासपोर्टवरच्या नावांची स्पेलिंगं एकाखाली एक लिहून ठेवली. ती जुळली की हमीपत्राची मूळ प्रत पोस्टाने इथे मागवायची आणि मग मुंबईची तारीख घ्यायची.